शेवटचा शब्द कुणाचा?

प्रश्न : मी चौतीस वर्षांची आहे. नगरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढले, लहानपणी तिथंच बाप्तिस्मा झाला. बाविसाव्या वर्षी पुण्यात एका स्वतंत्र फेलोशिपमध्ये ‘लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे’ असं सांगून मला पुन्हा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. त्यानंतर तीन मंडळ्या बदलल्या. एक पाळक म्हणतात, तारण एकदा मिळालं की जात नाही. दुसरे म्हणतात, जातं. दोघांच्या हातात तेच पवित्र शास्त्र. गेलं वर्षभर मी कॅथोलिक चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, जाऊन मागच्या बाकावर बसते. तिथं निदान शेवटचा शब्द सांगणारं कुणीतरी आहे, या विचारानं बरं वाटतं. येत्या ईस्टरला सामील व्हावं असं मनात आहे. मिस्टर अडवत नाहीत, पण स्वतः येणार नाहीत. आई रडते, ‘आजोबांची मंडळी सोडतेस’ म्हणते. मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याचा बाप्तिस्मा सीएनआयमध्येच झालाय. काय करू?

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर. कॅथोलिक व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवाल, पण येत्या ईस्टरची तारीख मनातून काढून टाका. मंडळ्या सोडण्याची कारणं तुम्ही भरपूर दिली आहेत आणि ती खरी आहेत. कॅथोलिक ख्रिस्तसभा जे शिकवते ते मला पटलंय, असं मात्र एकही वाक्य पत्रात नाही. वादांना कंटाळून जो आत येतो त्याला आतले वाद दिसले की दुप्पट धक्का बसतो, आणि ते दिसायला फार दिवस लागत नाहीत.

शेवटचा शब्द सांगणारं कुणीतरी हवं, या ओढीत चुकीचं काही नाही. पण पोपचा शब्द शेवटचा मानायचा की नाही, हे पोप तुमच्या वतीनं ठरवू शकत नाहीत. ते तुम्हालाच ठरवावं लागणार, तुमच्याच विवेकबुद्धीला साक्षी ठेवून. ख्रिस्तसभा स्वतःच हे सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याची जी घोषणा केली तिचा गाभा हाच आहे, आणि कॅनन लॉच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या, ७४८ व्या कलमानुसार कुणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध हा विश्वास स्वीकारायला भाग पाडता येत नाही. म्हणजे जे ठरवण्याचा तुम्हाला थकवा आला आहे, ते एकदा तरी पूर्णपणे, स्वतः, नीट अभ्यास करून ठरवावं लागेल. त्यातून सुटका नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात राहत असताना बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच काळात तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद सुरू झाला. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, तसंच दुसरं चढवून घ्यायची आत्ता तयारी नाही, अशा अर्थाचं रमाबाईंनी लिहिलं. त्याच काळातले नेहेम्या गोरे पाहा. त्यांच्या लिखाणाचा रमाबाईंवर मोठा प्रभाव होता. पण १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले हे शास्त्रीबुवा स्वतः मात्र चर्चच्या प्राचीन अधिकाराकडे ओढले गेले. दोघंही प्रामाणिक, दोघंही विद्वान, दोघंही प्रभूला धरून राहिलेले, आणि अधिकाराच्या प्रश्नावर दोघांची तोंडं दोन दिशांना. दोघांपैकी कॅथोलिक कुणीच झालं नाही. ज्यांनी ती वाट शेवटपर्यंत चालून पाहिली त्या जॉन हेन्री न्यूमन या इंग्लंडातल्या अँग्लिकन धर्मगुरूंच्या मनात पहिली शंका १८३९ मध्ये आली, ऑक्सफर्डच्या सेंट मेरीज चर्चची जबाबदारी त्यांनी १८४३ मध्ये सोडली, आणि ९ ऑक्टोबर १८४५ रोजी लिटलमोर इथं डॉमिनिक बार्बेरी या इटालियन धर्मगुरूनं त्यांना ख्रिस्तसभेत घेतलं. सहा वर्षं लागली. तुम्हाला सहा वर्षं थांबा असं म्हणणं नाही, पण ज्यांना पुढे संत ठरवलं गेलं त्यांनीही मनाचा कौल येईपर्यंत वाट पाहिली, एवढं लक्षात असू द्या.

आता अधिकार म्हणजे नेमका किती, ते पाहू. बहुतेक जण फसतात ते इथंच. पोप जे बोलतात ते सगळं सारख्याच वजनाचं, अशी समजूत करून घेऊन ते येतात आणि मग विमानातल्या पत्रकारांशी बोलताना पोपनी टाकलेल्या एका वाक्यानं त्यांची झोप उडते.

सर्वांत वर आहेत श्रद्धासिद्धान्त : त्र्यैक्य, ख्रिस्ताचं पुनरुत्थान, मिस्सातल्या भाकरी-द्राक्षारसात ख्रिस्ताची खरी उपस्थिती, निकेयाच्या मतांगीकारातलं (श्रद्धेच्या जाहीर कबुलीतलं) प्रत्येक वाक्य, आणि मरियेविषयीचे १८५४ चा निष्कलंक गर्भसंभव व १९५० चं स्वर्गोन्नयन हे दोन. यांतलं एक जरी जाणूनबुजून नाकारलं तरी कॅथोलिक होता येत नाही. पोपच्या अचूकतेची व्याख्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं १८ जुलै १८७० रोजी केली, आणि तिला कडक अटी आहेत : सर्व ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ या नात्यानं, श्रद्धा किंवा नीती यांच्याविषयी, संपूर्ण ख्रिस्तसभेनं मानायची शिकवण म्हणून केलेली घोषणाच तेवढी. त्या दिवसापासून आजपर्यंत अशी घोषणा एकदाच झाली, स्वर्गोन्नयनाची, १ नोव्हेंबर १९५० ला. पोप चुकत नाहीत असं सरसकट कुणी सांगितलं तर ते कॅथोलिक शिकवण सांगत नाहीत. पोप होनोरियस यांचा तर त्यांच्या मृत्यूनंतर ६८० ते ६८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेनं नाव घेऊन निषेध केला होता.

त्याच्या खाली कायमची ठरवून टाकलेली शिकवण येते. स्त्रियांना धर्मगुरुदीक्षा देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही, हे १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितलं ते या पातळीचं मानलं जातं. तुम्ही सीएनआयमध्ये वाढलात, तिथं स्त्रिया पाळक होतात. हा मुद्दा तुम्हाला टोचणार असेल तर तो आत्ताच टोचू द्या. त्याखाली रोजची अधिकृत शिकवण. ती अचूक म्हणून जाहीर झालेली नसते, पण ऐच्छिकही नसते. बुद्धी आणि इच्छा दोन्ही आदरानं तिच्यापुढे झुकवायची असतात, असं कलम ७५२ सांगतं. कृत्रिम संततिनियमनाला मनाई करणारं १९६८ चं परिपत्रक पोपनी १८७० च्या व्याख्येप्रमाणे घोषित केलेलं नाही, तरी ते बंधनकारक शिकवणीतच धरलं जातं. तुम्ही विवाहित आहात, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहणार नाही. पतीशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. याच मोठ्या कप्प्यात विकासही होतो : फाशीच्या शिक्षेविषयीचा धर्मशिक्षण ग्रंथातला २२६७ वा परिच्छेद २०१८ मध्ये बदलला गेला आणि कुठलीच गोष्ट कधी हलणार नाही अशा अपेक्षेनं आलेले कित्येक जण त्या दिवशी हादरले.

मग येतात नियम. ते बदलतात आणि बदलावेत म्हणूनच असतात. १९५३ पर्यंत कम्युनियन (मिस्सातलं प्रभुभोजन) घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाणीही चालत नसे. १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला, १९६४ मध्ये एका तासावर, आणि आजही तो एकच तास आहे. आणि सर्वांत शेवटी खासगी भक्ती : दर्शनं, नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना), यात्रा. नगरच्या आहात म्हणजे हरेगावची मतमाउलीची यात्रा तुम्हाला ठाऊक असणार. जाल तर आनंदानं जा, पण आयुष्यात एकदाही गेला नाहीत तरी तुमच्या कॅथोलिकपणात तसूभर उणं येत नाही. धर्मग्रामातले (स्थानिक चर्चच्या हद्दीतले) फादर प्रवचनात जे बोलतात, किंवा मोबाइलवर एखादे परदेशी धर्मांतरित गृहस्थ जे ठणकावून सांगतात, ते या पाचांपैकी कुठल्या पातळीचं आहे हे प्रत्येक वेळी विचारायची सवय लावून घ्या. अर्धी घबराट तिथंच संपते.

उरलेली अर्धी संपत नाही, हेही सांगायला हवं. वरचा अधिकारी एकच असला म्हणून खालचे तंटे मिटतात असं नाही. मुंबईतच बघा. १७९४ पासून १९२८ पर्यंत या एका शहरातल्या कॅथोलिकांवर दोन वेगवेगळे अधिकार चालत होते, एक पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालचा गोव्याकडून आलेला, दुसरा थेट रोमनं पाठवलेल्या धर्मगुरूंचा. दोन्ही बाजू पोपला मानणाऱ्या. तरी कुठलं चर्च कुणाचं यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले. आज असा दुहेरी अधिकार नाही, पण धर्मगुरूंमध्ये, बिशपांमध्ये मतभेद आहेत, आणि लैंगिक शोषणाच्या प्रकरणांत अनेक देशांतल्या अधिकाऱ्यांनी केलेली लपवाछपवी जगजाहीर आहे. शिकवणीचा अधिकार आणि माणसाचं वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं कॅथोलिक शिकवण म्हणते. तुम्हाला हा भेद पटतो का, हे आत येण्यापूर्वी तपासा.

आणखी एक गोष्ट पत्रात खटकली. तुमचा खरा तंटा स्वतंत्र फेलोशिपांशी झाला आहे, सीएनआयशी नव्हे. सीएनआयलाही बिशप आहेत, सिनड म्हणजे धर्मसभा आहे, मतांगीकार आहेत. १९७० मध्ये नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन ती झाली तेव्हा लहान मुलांचा आणि प्रौढांचा असे दोन्ही बाप्तिस्मे तिनं मान्य केले. अशा प्रश्नांवर दोन्ही बाजूंना जागा ठेवणारा अधिकार तुम्हाला पुरेल का? ‘नाही, मला ठाम निकालच हवा’ असं उत्तर आलं तर ते का, याचं कारण स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. ते कारण ‘मला त्रास होतो’ एवढंच असेल तर अजून थांबा. ‘ख्रिस्तानं पेत्राला आणि प्रेषितांना असा अधिकार दिला आणि तो पुढे चालत आला, असं मला खरोखर वाटतं’ हे असेल तर तुम्ही योग्य दिशेनं निघाला आहात.

हे तपासायची एक चांगली रीत आहे. ख्रिस्तसभेत घेताना तुम्हाला मतांगीकार म्हटल्यावर एक वाक्य मोठ्यानं बोलावं लागतं. त्याचा आशय असा : पवित्र कॅथोलिक ख्रिस्तसभा जे जे परमेश्वरानं प्रकट केलेलं म्हणून मानते, शिकवते आणि जाहीर करते, ते सर्व मी मानते. ‘सर्व’ म्हणजे सर्व. एक वही घ्या. पोपचा अधिकार, मरिया, संतांकडे विनंती, मृतांसाठी प्रार्थना आणि परगेटरी (मृत्यूनंतरची शुद्धीची अवस्था), ख्रिस्तशरीर (भाकरी-द्राक्षारसातली खरी उपस्थिती), पापनिवेदन, विवाह आणि संततिनियमन अशी सात पानं करा. बायबलमधल्या जादा पुस्तकांसाठी आठवं पान ठेवा, कारण तुमच्या घरच्या बायबलमध्ये सहासष्ट आहेत आणि कॅथोलिक बायबलमध्ये त्र्याहत्तर. प्रत्येक पानावर आधी कॅथोलिक शिकवण स्वतःच्या शब्दांत लिहा, आक्षेप नंतर. त्यासाठी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ वापरा. त्याचे २८६५ परिच्छेद सगळे आत्ता वाचायची गरज नाही. पोप आणि बिशपांच्या अधिकारासाठी ८८० ते ८९६, ख्रिस्तशरीरासाठी १३२२ ते १४१९, विवेकासाठी १७७६ ते १८०२ एवढे पुरेत. पानाच्या शेवटी तीनपैकी एक शेरा मारा : पटतं, कळत नाही पण शिकायला तयार आहे, पटत नाही. दुसऱ्या शेऱ्याची भीती बाळगू नका. दहा हजार अडचणी आल्या तरी त्यांची मिळून एक शंका होत नाही, असं न्यूमन यांचं म्हणणं होतं. तिसरा शेरा एखाद्या सिद्धान्तावर पडला असेल, तर तो असेपर्यंत ते वाक्य उच्चारू नका. ते खोटं बोलणं होईल, आणि तेही वेदीसमोर.

आता व्यवहार. ज्या चर्चमध्ये जाता तिथल्या फादरना मिस्सा संपल्यावर दारात गाठू नका, त्या वेळी दहा माणसं खोळंबलेली असतात. ऑफिसची वेळ विचारून स्वतंत्र भेट घ्या. पुण्यात काही धर्मग्रामांत मराठी मिस्सा होते. शिक्षण मराठीतून मिळेल का, हे पहिल्याच भेटीत विचारा, कारण श्रद्धेच्या गोष्टी परक्या भाषेत समजल्यासारख्या वाटतात आणि राहून जातात. सोबत बाप्तिस्म्याचा दाखला न्या. कोणता? नगरचा, लहानपणीचा. पाणी आणि ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं’ हे शब्द असतील तर तो बाप्तिस्मा कॅथोलिक दृष्टीनं पूर्ण वैध आहे आणि तो आयुष्यात एकदाच होतो. बाविसाव्या वर्षीचा हिशेबात धरला जात नाही, पण तो झाला हे लपवू नका. तुम्हाला तिसऱ्यांदा बाप्तिस्मा कुणी देणार नाही. द्यायला निघालं तर नम्रपणे कारण विचारा. सशर्त बाप्तिस्मा फक्त पहिल्याविषयी खरी शंका असेल तरच देतात. मंडळीचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं असेल तर त्या वेळी हजर असलेल्या एका विश्वासू साक्षीदाराचं निवेदन चालतं. तुमच्या बाबतीत ती साक्षीदार आई असू शकते.

तुमचा बाप्तिस्मा झालेला असल्यानं बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी असलेले निवडीचे, परीक्षणाचे उपवासकाळातले विधी तुम्हाला लागू होत नाहीत. ईस्टरच्या रात्रीचीही अट नाही. वर्षातल्या कुठल्याही रविवारी घेता येतं. ही तारीख सोडायला सांगण्याचं हेही एक कारण. तयारीला किती महिने लागतील हे फादर तुमच्याशी बोलून ठरवतात. एक कॅथोलिक स्त्री सोबतीण म्हणून शोधा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेली आणि नेमानं मिस्साला येणारी. त्या दिवसाच्या आधी पापनिवेदन होतं, वसईकडे ज्याला कुमसार म्हणतात ते. बाप्तिस्म्यापासूनच्या आयुष्याचं असल्यानं लोक घाबरतात. गंभीर पापं कोणत्या प्रकारची आणि साधारण किती वेळा, एवढंच सांगायचं असतं. नेमका आकडा आठवत नसेल तर अंदाज सांगा. शनिवारच्या रांगेत उभं राहू नका, अर्ध्या तासाची वेगळी वेळ मागून घ्या. मग मिस्सामध्ये मतांगीकार, ते एक वाक्य, लगेच त्याच धर्मगुरूंच्या हातून दृढीकरण, आणि पहिलं कम्युनियन. या सगळ्याला फी नसते.

तुमच्या लग्नाची काळजी नको. चर्चमध्ये लागलेलं, दोघंही बाप्तिस्मा झालेले, दोघांचंही पहिलं लग्न, असं असेल तर ते ख्रिस्तसभा वैध संस्कारच मानते. पुन्हा लग्न लावावं लागत नाही. दोघांपैकी कुणाचं आधी लग्न होऊन घटस्फोट झाला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण त्याची चौकशी धर्मप्रांताच्या न्यायमंडळाकडे जाते आणि तिला बराच काळ लागू शकतो. सरकारी कागदांत काहीच बदलत नाही, तुम्ही ख्रिस्तीच होतात आणि ख्रिस्तीच राहता. नगरच्या मंडळीत मात्र पत्र देऊन कळवा, आणि कुटुंबाची कबरस्तानातली जागा सभासदत्वाशी जोडलेली असेल तर तिचं काय होतं ते पंचांना आत्ताच विचारून घ्या. नंतर, दुःखाच्या दिवशी, हा प्रश्न फार वाईट रीतीनं समोर येतो.

सर्वांत जड भाग प्रभुभोजनाचा आहे, आणि तो कुणी तुम्हाला आधी सांगेलच असं नाही. कॅथोलिक झाल्यावर नगरला आईशेजारी बसून सीएनआयच्या प्रभुभोजनात तुम्हाला भाग घेता येणार नाही, आणि मिस्सामध्ये तुमच्या पतीला तुमच्यासोबत कम्युनियन घेता येणार नाही. सीएनआयमध्ये सामील झालेल्या परंपरांपैकी अँग्लिकनांची धर्मगुरुदीक्षा रोमनं १८९६ मध्ये अवैध ठरवली, आणि तो निर्णय आजही तसाच आहे. नाताळच्या उपासनेत आई उठून पुढे जाईल आणि तुम्ही बाकावर बसून राहाल. हे चित्र डोळ्यांसमोर आणा आणि आईलाही आधीच सांगा, तिला ते त्या सकाळी चर्चमध्ये कळायला नको. उपासनेला जायला, गाणी गायला, आईबरोबर प्रार्थना करायला काहीच आडकाठी नाही. जुन्या मंडळीची निंदा किंवा शपथपूर्वक त्याग आजच्या विधीत कुठंही नाही. उलट विजयोत्सवासारखं काही दिसू नये अशी विधिग्रंथातच सूचना आहे. आजोबांच्या घरात मिळालेला बाप्तिस्माच ख्रिस्तसभा मान्य करते आहे, हे आईला फादरांच्या तोंडून ऐकू द्या. तिला एकदा सोबत न्या.

मुलाला यात आत्ता ओढू नका. त्याचा बाप्तिस्मा झालेला आहे, त्यामुळे घाईचं कारणच नाही. मिश्र विवाहापूर्वी कॅथोलिक व्यक्तीकडून मुलांविषयी जे वचन घेतात ते तुम्हाला नव्यानं मागितलं जात नाही, पण आपली श्रद्धा मुलापर्यंत जमेल तेवढी पोचवायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि ‘जमेल तेवढी’मध्ये त्याच्या वडिलांचं मत येतंच. वयाची सात वर्षं पूर्ण झाली की मूल समजत्या वयाचं धरलं जातं आणि पहिल्या कम्युनियनचा प्रश्न साधारण तेव्हाच उभा राहतो. म्हणजे तुमच्या दोघांकडे बोलायला दोन वर्षं आहेत. रविवारी सकाळी तो कुणासोबत कुठं जाईल, एवढं मात्र या महिन्यातच ठरवा.